होगेवेक : एका शुश्रूषागृहाची वस्ती कशी झाली

ॲमस्टरडॅमच्या आग्नेयेला, फेख्त नदीच्या काठी वेस्प नावाचे लहानसे जुने गाव आहे. राजधानीतून आगगाडीने निघाले की पाव तासात तिथे पोचता येते. एके काळी हे गाव व्हान हौटन यांच्या कोकोच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध होते. आज वृद्धसेवेत काम करणारी जगभरातली माणसे ते होगेवेकसाठी ओळखतात. होगेवेक ही तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांची वस्ती आहे. तिथे रस्ते, चौक, बागा, दुकान, उपाहारगृह आणि नाट्यगृह आहे, आणि या सगळ्यांच्या मधोमध सहा-सात जणांनी मिळून राहायची घरे आहेत. वस्तीची आजची इमारत २००९ च्या अखेरीस पूर्ण झाली आणि तिची छायाचित्रे सर्वत्र पोचली. संस्थेचा खरा इतिहास मात्र त्या छायाचित्रांच्या सोळा-सतरा वर्षे आधी, एका साध्या बहुमजली शुश्रूषागृहात सुरू होतो.

त्या शुश्रूषागृहाचे नाव होगेवेय. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी १९६८ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा खर्च सार्वजनिक विम्यातून भागवणारा कायदा लागू झाला आणि त्यानंतरच्या दशकात देशभर शुश्रूषागृहे उभी राहिली. ज्यांना घरी सांभाळणे अशक्य झाले होते अशा हजारो वृद्धांना त्यामुळे निवारा मिळाला, ही त्या कायद्याची मोठी देणगी. पण या इमारती बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नमुना होता तो रुग्णालयाचा. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्याच्या टोकाला कुलूपबंद दार, पांढरे डगले, ठरल्या वेळी फिरणारी औषधांची आणि जेवणाची गाडी. दिवसभर बसण्यासाठी एक मोठे दालन असे आणि तिथे भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या असत. उठायची, न्हाण्याची, जेवायची आणि झोपायची वेळ कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांवरून ठरे. हाड मोडलेला माणूस अशा ठिकाणी सहा आठवडे काढून घरी जातो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तिथे उरलेले सगळे आयुष्य काढायचे असते, आणि आपण इथे का आहोत हे त्याला रोज नव्याने कळेनासे होते. संध्याकाळ झाली की तो घरी जायला निघतो, दार हलवून पाहतो, ते उघडत नाही म्हणून घाबरतो आणि मग चिडतो. या चिडण्याला आजाराचे लक्षण मानून औषध दिले जाई.

ही पद्धत बदलायचे प्रयत्न युरोपात त्याआधीच सुरू झाले होते. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या रुएल-मालमेझॉन येथे जॉर्ज कोसानेल यांनी १९७७ मध्ये 'कांतू' सुरू केले. दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेत कांतू म्हणजे चुलीजवळचा कोपरा. स्वयंपाकघराला मध्यभागी ठेवून डझनभर वृद्धांनी एकत्र राहायचे, भाजी चिरायची, टेबल मांडायचे, अशी त्यामागची कल्पना होती. स्वीडनमध्ये बार्ब्रो बेक-फ्रीस या डॉक्टरांनी १९८५ मध्ये मोताला येथे बाल्त्सारगार्डन हे गटनिवास उघडले आणि थोड्या जणांच्या घरात असे वृद्ध शांतपणे राहू शकतात हे दाखवून दिले. खुद्द नेदरलँड्समध्येही १९८० च्या दशकाच्या अखेरीस हार्लेम शहरात आंतोन पीकहोफ्ये ही छोट्या घरांची संस्था उभी राहिली. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड विद्यापीठाचे टॉम किटवुड याच सुमारास मांडत होते की, स्मृतिभ्रंशातली माणसाची घसरण फक्त मेंदूच्या ऱ्हासामुळे होत नाही, भोवतालच्या माणसांच्या वागण्यानेही होते. त्यांचे या विषयावरचे मुख्य पुस्तक १९९७ मध्ये आले. होगेवेयने पुढे जे केले त्याची बीजे अशी हवेत होती, म्हणून सगळे श्रेय एका संस्थेला देणे योग्य होणार नाही. तिचे वेगळेपण तिने घेतलेल्या पुढच्या पावलात आहे.

ते पाऊल १९९२ मध्ये एका घरगुती प्रसंगातून पडले. इव्होन व्हान आमेरोंगेन तेव्हा होगेवेयमध्ये नोकरी करत होत्या. एके दिवशी आईचा फोन आला : वडील हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेले. दुःखाच्या त्याच क्षणी त्यांच्या मनात आले की, बरे झाले, बाबांना शुश्रूषागृहात राहावे लागले नाही. आपण ज्या ठिकाणी रोज काम करतो त्या ठिकाणाबद्दल आपल्याला असे वाटावे, या विचाराने त्या अस्वस्थ झाल्या, आणि ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. सहकाऱ्यांशी बोलल्यावर दिसले की त्यांचेही मत फार निराळे नव्हते. संस्थेच्या व्यवस्थापक यानेट स्पीरिंग आणि इतर सहकारी यांच्याबरोबर बसून मग एकच प्रश्न विचारला गेला : आपल्या आईवडिलांवर ही वेळ आली तर त्यांनी कुठे आणि कसे राहावे असे आपल्याला वाटते? इथे काम करणारी, पाळ्या करणारी, अंथरुणे बदलणारी माणसेच हा प्रश्न विचारत होती. म्हणून त्याचे उत्तरही फार भारदस्त निघाले नाही. आईवडील नेहमी जगले तसेच जगावेत. स्वतःच्या घरासारख्या घरात राहावेत, आपल्यासारख्या माणसांबरोबर राहावेत, आणि वाटेल तेव्हा त्यांना बाहेर पाय मोकळे करता यावेत.

पैसा नव्हता, नवी जागा नव्हती, म्हणून १९९३ पासून जुन्या इमारतीतच काम सुरू झाले. मोठे विभाग मोडून लहान गट केले गेले. हा टप्पा संस्थेच्या परिचयपत्रकांत दोन ओळींत आटोपतो, पण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. बोळ तोच, खिडक्या त्याच, मजलेही तेच होते. बदलल्या त्या सवयी. लहान गट केल्यावर एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. सहा-सात माणसे एका खोलीत बसवली म्हणून त्यांचे घर होत नाही. जन्मभर पहाटे पाचला उठून गायींचे दूध काढलेला शेतकरी आणि रात्री उशिरापर्यंत संगीताच्या मैफलीत रमणारी बाई एका टेबलाशी बसली की दोघांनाही चुकल्यासारखे होते. एकाला जेवणाआधी प्रार्थना हवी असते, दुसऱ्याला तिचा वैताग येतो. धडधाकट माणूस अशा वेळी जुळवून घेतो, विषय बदलतो, किंवा उठून दुसऱ्या खोलीत जातो. स्मृतिभ्रंशात ही तडजोडीची शक्तीच आधी जाते. त्यामुळे भांडणे होतात, आणि पूर्वीप्रमाणे ती भांडणेही आजाराच्या खात्यावर लिहिली जाण्याचा धोका असतो.

यावर होगेवेयने काढलेला तोडगा म्हणजे जीवनशैलीनुसार घरे. कोणाला किती तीव्र आजार आहे यावरून गट न पाडता, माणूस आजवर कसा जगला यावरून पाडायचे. डच समाजात कोणत्या प्रकारच्या राहणीमानाचे लोक आहेत याचा बाजार-संशोधकांच्या मदतीने अभ्यास झाला आणि त्यातून सात शैली ठरल्या. कारागिरांची आणि कष्टकऱ्यांची एक. घरकामात, टापटिपीत जीव असलेल्या गृहिणीवळणाची एक. शहरी, मोकळ्या वळणाची एक. कला, संगीत, वाचन यांत रमणाऱ्यांची एक. ख्रिस्ती धर्माचरण ज्यांच्या दिवसाचा कणा आहे त्यांची एक. गोय या श्रीमंत भागातल्या उच्चभ्रू, शिष्टाचार पाळणाऱ्या कुटुंबांची एक. आणि सातवी 'इंडीश', म्हणजे पूर्वीच्या डच ईस्ट इंडीजशी, आजच्या इंडोनेशियाशी नाळ असलेल्यांची.

या सातव्या घरामागे एक मोठा इतिहास आहे. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले आणि चार वर्षांच्या संघर्षानंतर २७ डिसेंबर १९४९ रोजी नेदरलँड्सने सत्ता सोडली. त्या काळात आणि पुढच्या दीड दशकात तीन लाखांच्या आसपास माणसे जावा-सुमात्रा सोडून नेदरलँड्सला आली. त्यांतली बरीच मिश्र वंशाची होती, आणि अनेकांनी हॉलंड त्याआधी पाहिलेही नव्हते. तरुणपणी आलेली ही माणसे १९९० च्या दशकात म्हातारी झाली. पन्नास वर्षे ती डच भाषा बोलली, डच कार्यालयांत नोकऱ्या केल्या, डच हिवाळे सोसले. स्मृतिभ्रंश झाल्यावर अलीकडची वर्षे पुसट होऊ लागतात आणि बालपण पुढे येते. मग बटाटे आणि मांस यांचे ताट समोर आले तर ते परक्याचे वाटते. इंडीश घरात म्हणून भात शिजे, मसाले परतल्याचा वास येई आणि घर इतरांपेक्षा थोडे उबदार ठेवले जाई. वरणभाताच्या पहिल्या घासाने किंवा तव्यावरच्या भाकरीच्या वासाने आजी-आजोबांचा चेहरा कसा निवळतो हे पाहिलेल्या कोणालाही यामागचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

वैद्यकीय दृष्टीनेही या मांडणीला आधार आहे. अल्झायमरच्या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर ग्रासला जातो. नव्या आठवणी जिथे घडतात तो हा भाग. म्हणून सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण बटाटा सोलायची हाताची सवय, पाठ झालेली प्रार्थना, ऐकलेल्या गाण्याची चाल हे सारे बराच काळ टिकते. नवीन जागेचे नियम अशा माणसाला शिकवता येत नाहीत, कारण शिकलेले टिकतच नाही. तेव्हा माणसाने जागेशी जुळवून घ्यावे ही अपेक्षा सोडून जागाच त्याच्या जुन्या सवयींशी जुळवायची, हा जीवनशैलींच्या घरांमागचा विचार आहे.

जुन्या इमारतीत ही पद्धत रुळली तसे तिचे अपुरेपणही दिसू लागले. गट घरासारखा झाला होता, पण घराचे दार उघडले की पुन्हा रुग्णालयाचा बोळ लागत होता. वरच्या मजल्यावरच्या माणसाला झाडाखाली जायचे तर कोणाला तरी हात धरून खाली न्यावे लागे, आणि तेवढी मोकळी माणसे कधीच नसत. म्हणून त्याच जागेवर नवे काही बांधायचे ठरले. मोलेनार अँड बोल अँड व्हानडिलन या वास्तुविशारद संस्थेने आराखडा केला. बांधकाम टप्प्याटप्प्याने झाले आणि २००९ च्या अखेरीस पूर्ण झाले. एकूण खर्च १ कोटी ९३ लाख युरो. त्यांतले १ कोटी ७८ लाख युरो डच सरकारी निधीतून आले आणि उरलेली रक्कम देणग्यांतून व प्रायोजकांकडून उभी राहिली. संस्था आता 'फिफियम' या सेवासंस्थेच्या छत्राखाली काम करते.

सुमारे दीड हेक्टर जागेवर सुरुवातीला २३ घरे आणि १५२ रहिवासी अशी रचना होती. विटांच्या दुमजली इमारती जागेच्या कडेने अशा उभ्या केल्या आहेत की त्यांच्या बाहेरच्या भिंती हेच वस्तीचे कुंपण झाले. वेगळी जाळी नाही, तारा नाहीत. बाहेर जायला एकच दार, तेही स्वागतकक्षातून. आत मात्र प्रत्येक घराचे दार रस्त्यावर किंवा अंगणात उघडते. ही साधी गोष्ट वास्तुरचनेतला सर्वांत मोठा बदल होती. दुकानात जायचे तर उघड्यावरून जावे लागते. पाऊस असेल तर छत्री घ्यावी लागते, थंडी असेल तर कोट घालावा लागतो. पाच मिनिटांनी छत्री कशाला घेतली ते आठवले नाही तरी अंगावर पडलेले पाणी हा अनुभव खरा असतो. प्रत्येक अंगण आणि चौक मुद्दाम निराळा ठेवला आहे. एकीकडे तळे, दुसरीकडे मोठी झाडे, तिसरीकडे दुकानांची ओळ. बोळातली एकसारखी वीस दारे ज्याला ओळखता येत नाहीत, त्यालाही तळ्याजवळचे आपले घर सापडू शकते.

प्रत्येक घरात सहा किंवा सात जण राहतात. झोपायची खोली ज्याची त्याची, बैठक आणि स्वयंपाकघर सगळ्यांचे. वस्तीला मध्यवर्ती स्वयंपाकघर नाही, रोजचा स्वयंपाक त्या त्या घरात होतो. कपडेही घरातच धुतले जातात. सकाळी घरातली कर्मचारी बाई आज काय करायचे ते विचारते आणि ज्याला यायचे असेल त्याला घेऊन दुकानात जाते. घराच्या खर्चासाठी ठरलेली रक्कम असते आणि सामान त्यातून आणले जाते. मग कोणी भाजी निवडते, कोणी टेबल मांडते, कोणी खुर्चीत बसून नुसते पाहते. सात शैली होत्या तेव्हा गोय शैलीच्या घरात काचेची झुंबरे आणि नीट मांडलेले टेबल असे, बोलण्यात अदब असे. कारागिरांच्या घरात भक्कम लाकडी सामान आणि पोटभर साधे डच जेवण असे. सांस्कृतिक वळणाच्या घरात दिवस उशिरा उजाडे. हे फरक शोभेचे नव्हते. पडदे, ताटे, गाणी आणि कर्मचाऱ्यांची बोलायची पद्धत या सगळ्यांतून माणसाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कळत राहते : आपण ओळखीच्या ठिकाणी आहोत.

या पद्धतीत सर्वांत जास्त बदलावे लागले ते कर्मचाऱ्यांना. पांढरे डगले गेले आणि साधे कपडे आले, हा बदल दिसणारा. न दिसणारा बदल अवघड होता. जुन्या पद्धतीत परिचारिकेचे काम यादीने मोजले जाई : किती जणांना न्हाऊ घातले, किती जणांना औषध दिले. नव्या पद्धतीत घर चालवणारी बाई स्वयंपाक करते, कपडे घडी करते, आजोबांशी फुटबॉलबद्दल बोलते आणि हे करताकरता शुश्रूषाही करते. आपले शिक्षण परिचर्येचे आणि आपल्याला बटाटे उकडायला सांगतात, ही भावना अशा बदलात कुठल्याही संस्थेत उमटतेच. शुश्रूषा कमी झाली असे मात्र नाही. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ हे सगळे वस्तीत आहेत, औषधे वेळेवर दिली जातात, शेवटच्या दिवसांची काळजीही तिथेच घेतली जाते. रहिवासी येतात ते अखेरपर्यंत राहण्यासाठी. वैद्यकीय सेवा आहे, पण ती घराच्या मागच्या दाराने येते. कर्मचाऱ्यांच्या जोडीला शंभराहून अधिक स्वयंसेवक आहेत, आणि त्यांच्यावाचून मंडळे, फेरफटके आणि सहली चालणे कठीण आहे.

घराबाहेरचे जग हा होगेवेकचा दुसरा अर्धा भाग. तिथे सुपरमार्केट, उपाहारगृह, कॅफे, केशकर्तनालय आणि नाट्यगृह आहे. संगीत, चित्रकला, पाककला, बागकाम अशी वीसपेक्षा जास्त मंडळे चालतात आणि माणूस आपल्या आवडीच्या मंडळाचा सभासद होतो. घर जसे जीवनशैलीने ठरते तसे मंडळ आवडीने ठरते, त्यामुळे निरनिराळ्या घरांतली माणसे तिथे भेटतात. उपाहारगृह आणि नाट्यगृह बाहेरच्या लोकांनाही खुले ठेवले गेले. वेस्पमधले लोक जेवायला येतात, बाहेरच्या संस्था सभागृह भाड्याने घेतात. त्यातून थोडे उत्पन्न होते, पण खरा लाभ दुसरा आहे. आजारी माणसांपाशी फक्त त्यांचे नातेवाईक आणि पगारी सेवक येतात, ही स्थिती त्यामुळे मोडते. कोपऱ्यातल्या टेबलावर एखादे तरुण जोडपे कॉफी घेत बसलेले दिसणे, हेही त्या वृद्धांच्या नेहमीच्या आयुष्याचा भाग होते.

अशी वस्ती पाहून ती धनिकांसाठी असणार असा समज होतो. तो खरा नाही. नेदरलँड्समधल्या इतर शुश्रूषागृहांना दर रहिवाशामागे जो सार्वजनिक निधी मिळतो त्याच चौकटीत होगेवेक चालते. चोवीस तास देखरेखीची गरज आहे असा निर्णय स्वतंत्र सरकारी यंत्रणा देते, त्यानंतरच प्रवेश मिळतो. १ जानेवारी २०१५ पासून १९६८ च्या कायद्याची जागा दीर्घकालीन सेवेच्या नव्या कायद्याने घेतली, तरी मूळ तत्त्व कायम राहिले. रहिवासी उत्पन्नाच्या प्रमाणात वाटा उचलतो आणि बाकीचे विमा देतो. म्हणून निरनिराळ्या शैलींच्या घरांत राहण्यासाठी निरनिराळे दर नाहीत. होगेवेकचा विचार करताना हा मुद्दा विसरता कामा नये. रस्ते आणि चौक यांची नक्कल करता येते, त्यांच्या खालचा हा सार्वजनिक विम्याचा पाया सहजी उचलून नेता येत नाही.

प्रसिद्धीबरोबर आक्षेपही आले. २०१० नंतर जगभरच्या वृत्तसंस्थांनी 'स्मृतिभ्रंशाचे गाव' म्हणून होगेवेकवर वृत्तांत केले आणि त्यांतल्या अनेकांनी १९९८ च्या 'द ट्रूमन शो' या चित्रपटाची आठवण काढली. त्या चित्रपटातल्या नायकाचे सारे गाव खोटे असते आणि ते फक्त त्यालाच माहीत नसते. दुकानदार म्हणजे वेषांतर केलेले परिचारक, सारी वस्ती म्हणजे देखावा, असे चित्र काही लेखांतून उभे राहिले. होगेवेकच्या चालकांनी हे सातत्याने नाकारले आहे. त्यांचे म्हणणे असे की इथे खोटे काही नाही : दुकानात खरे सामान मिळते, उपाहारगृहात खरे जेवण मिळते, नाट्यगृहात खरे कार्यक्रम होतात. काम करणाऱ्यांना स्मृतिभ्रंश म्हणजे काय हे शिकवलेले असते, एवढाच फरक. जर्मनीतल्या काही शुश्रूषागृहांनी दाराबाहेर बस कधीच न येणारा थांबा उभारला होता, म्हणजे घरी जायला निघालेला वृद्ध तिथे जाऊन बसेल. तो थांबा आणि होगेवेकचे दुकान यांत निश्चितच अंतर आहे. थांब्यापाशी माणसाची इच्छा फसवली जाते. दुकानात ती, लहान प्रमाणात का होईना, पुरी होते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो सहज निकालात काढता येत नाही. वस्ती कितीही मोकळी असली तरी तिचे बाहेरचे दार रहिवाशाला एकट्याने उघडता येत नाही. बोळ गेला, पण हद्द राहिली. याच्या समर्थनात सांगितले जाते की पूर्वी माणूस एका मजल्यावर कोंडलेला होता, आता दीड हेक्टरवर एकटा, कोणाची परवानगी न मागता फिरतो. ते खरेच आहे. तरीही स्मृतिभ्रंश झालेल्यांना समाजापासून वेगळ्या वस्तीत ठेवावे की गावातल्या गल्लीतच आधार देऊन राहू द्यावे, हा प्रश्न उरतोच. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२० पासून सेवेतल्या सक्तीविषयीचा नवा कायदा लागू झाला. सक्ती टाळणे हा नियम आणि सक्ती हा अपवाद, असे त्याने ठरवले. कुलूपबंद दारामागे सरसकट सगळ्यांना ठेवण्याचे कारण आता प्रत्येक माणसाच्या बाबतीत वेगळे द्यावे लागते. त्यामुळे १९९० च्या दशकात जे पाऊल पुढचे वाटत होते त्याच्याही पुढचे पाऊल कोणते, हा विचार देशातल्या सर्वच अशा संस्थांना करावा लागत आहे.

त्याच वर्षी करोनाची साथ आली. २० मार्च २०२० पासून देशभरच्या शुश्रूषागृहांत भेटीला येणाऱ्यांवर बंदी आली. ज्या संस्थेचा प्राणच बाहेरच्यांच्या येण्याजाण्यात आहे तिच्यासाठी हा काळ विशेष कठीण होता, आणि मुलगा का येत नाही हे ज्याला समजावून सांगता येत नाही त्या वृद्धासाठी तर फारच.

ही पद्धत किती गुणकारी आहे याचे मोजमाप अजून पुरेसे झालेले नाही. होगेवेकचे चालक सांगतात की रहिवासी अधिक हिंडतेफिरते राहतात आणि शांत ठेवणाऱ्या औषधांची गरज पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाली. हे संस्थेचे स्वतःचे निरीक्षण आहे. नव्या इमारतीचा परिणाम किती, लहान घरांचा किती, चांगल्या कर्मचाऱ्यांचा किती, हे वेगवेगळे करून दाखवणे कठीण आहे. स्मृतिभ्रंश मात्र थांबत नाही. होगेवेकने तसा दावा कधी केलेला नाही.

काळाबरोबर वस्ती बदलत गेली. घरांची संख्या २३ वरून २७ झाली आणि रहिवासी दीडशेच्या पुढे बरेच वाढले. सात जीवनशैली कमी करून चार करण्यात आल्या. १९९३ मध्ये ऐंशी वर्षांचा असलेला माणूस पहिल्या महायुद्धाच्या आधी जन्मलेला होता. चर्च, वर्ग आणि पंथ यांनी आखून दिलेल्या समाजात तो वाढला होता. आज येणारा रहिवासी युद्धोत्तर काळात तरुण झालेला आहे. त्याने दूरचित्रवाणी पाहिली, परदेश प्रवास केला, चर्च सोडले. जुन्या भिंती त्याच्या आयुष्यात तितक्या उंच नव्हत्या. उद्याच्या रहिवाशांच्या तरुणपणाचे संगीत बीटल्सचे असेल. ज्या पद्धतीचा आधार माणसाची जुनी सवय हा आहे तिला प्रत्येक पिढीबरोबर पुन्हा मांडणी करावी लागते.

होगेवेक पाहून इतर देशांत अशा वस्त्या उभ्या राहिल्या. जर्मनीत हामेलन येथे 'टोनेबोन आम से' २०१४ मध्ये सुरू झाली. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआ येथे २०१७ मध्ये एक जुने शुश्रूषागृह नव्या वस्तीत गेले. कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या लँग्ली येथे २०१९ मध्ये खासगी खर्चाने चालणारी वस्ती उघडली. नॉर्वेत ओस्लोलगतच्या बेरुम येथे आणि ऑस्ट्रेलियात टास्मानियातील होबार्ट येथे २०२० मध्ये. त्याच वर्षी जून महिन्यात फ्रान्समध्ये दाक्स येथे लांद जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने १२० रहिवाशांची वस्ती सुरू झाली. तिची कल्पना परिषदेचे अध्यक्ष आंरी इमान्युएली यांनी उचलून धरली होती, पण ती पाहायला ते राहिले नाहीत. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. दाक्समध्ये सुरुवातीपासूनच संशोधकांना सोबत घेतले गेले, म्हणजे होगेवेकला जे मोजता आले नाही त्यातले काही तिथे मोजले जाईल. या सगळ्या वस्त्या एकसारख्या नाहीत. काहींनी रस्ते आणि चौक घेतले पण जीवनशैलीनुसार घरे घेतली नाहीत. काहींनी घरे लहान ठेवली पण स्वयंपाक मध्यवर्ती ठेवला. कोणाकडे सार्वजनिक निधी आहे, तर कोणाकडे कुटुंबाच्या खिशातला पैसा. सल्ला विचारायला येणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा होगेवेकच्या स्थापनेत असलेल्यांनी, त्यांत व्हान आमेरोंगेन आणि सुविधांची व्यवस्था पाहणारे एलॉय व्हान हाल हेही आले, इतर देशांतल्या प्रकल्पांना मार्गदर्शन करण्याचे काम सुरू केले.

२४ मार्च २०२२ रोजी वेस्पची स्वतंत्र नगरपालिका संपली आणि गाव ॲमस्टरडॅम महापालिकेत सामील झाले. होगेवेक आहे तिथेच आहे. सकाळी घराघरांतून माणसे पिशव्या घेऊन दुकानाकडे निघतात, आणि त्यांच्याबरोबर घरातली कर्मचारी बाई चालत असते, त्यांच्याच वेगाने.